चाकणला सप्लाय चेनची अप्रेंटिसशिप करायची असेल तर

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्या दरवर्षी पदवीधर आणि डिप्लोमावाल्या मुलामुलींना अप्रेंटिस म्हणून घेतात. बहुतेकांचा डोळा प्रॉडक्शन, क्वालिटी किंवा मेंटेनन्सवर असतो. ‘तुला एससीएम, म्हणजे सप्लाय चेन मॅनेजमेंट, दिलंय’ म्हटलं की चेहरा पडतो. ‘म्हणजे स्टोअरच ना?’ हा प्रश्न मी दर वर्षी ऐकते.

मी मंचरची. बी.कॉम. झाल्यावर चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीत सप्लाय चेनमध्येच अप्रेंटिस म्हणून लागले, आज मटेरियल प्लॅनिंग बघते आणि नवे अप्रेंटिस माझ्याच टेबलापाशी येऊन बसतात. कारखाना आतून समजून घ्यायचा असेल तर याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. विकत घेतलेला प्रत्येक नग, त्याचा पैसा, त्याचा कागद आणि त्याच्यावरून होणारी भांडणं इथूनच जातात. फक्त वर्षभरात एक सवय अंगी लागली पाहिजे: स्क्रीनवरचा आकडा आणि बिनमधला, म्हणजे डब्यातला, माल जुळत नसेल, तर का जुळत नाही हे शोधून काढायची. बाकीचं सगळं त्यातूनच शिकता येतं.

आत शिरण्याआधी

पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी एनएटीएस, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेचं पोर्टल आहे. आपल्याकडचं काम मुंबईचं पश्चिम विभागाचं अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं. आयटीआयवाल्यांनी आणि दहावी-बारावी झालेल्यांनी ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ या दुसऱ्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही एनएटीएसचं दार उघडं आहे. ‘हे इंजिनिअरांचंच’ असं समजून कित्येक जण नोंदणीच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नोंदणीच्या आधी आधार, मार्कशीट आणि बँक पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून फॉर्म अडकतो. खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट खात्यात येतो.

शोधताना फक्त ‘सप्लाय चेन’ हे शब्द टाकू नका. हेच काम ‘मटेरियल्स’, ‘स्टोअर्स’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘पीपीसी’ (उत्पादनाचं नियोजन) किंवा ‘इनबाउंड’ (आत येणारा माल) या नावांनीही निघतं. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यामुळे कंपनी आपल्यावर उपकार करतेय या भावनेने मुलाखतीला जाऊ नका आणि एका हंगामात जमलं नाही म्हणून सोडूनही देऊ नका, जागा वर्षभर निघत राहतात.

विद्यावेतनाची किमान रक्कम कायद्याने ठरते. २०१९ च्या नियमदुरुस्तीत ती पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये ठरली. मोठ्या कंपन्या सहसा याच्यावर देतात. तुमचा आकडा करारात लिहिलेला असतो, तो बघूनच सही करा. इथे एक फरक नीट ओळखा. पोर्टलवर नोंदलेला करार असेल तर तुम्ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ. एखाद्या कंत्राटदाराने ‘ट्रेनी’ म्हणून नुसतं पत्र दिलं असेल तर ती वेगळी गोष्ट झाली; तिथे शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. पहिल्याच भेटीत विचारा, ‘माझा करार पोर्टलवर कधी चढणार?’ आणि जागा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठा. कायद्याच्या अप्रेंटिसशिपला उमेदवाराकडून फी घेतली जात नाही.

मुलाखत सहसा सोपी असते. घरापासून किती लांब, शिफ्ट चालेल का, एक्सेल येतं का. एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल येत असेल तर तेवढ्यावर काम भागतं. बी.कॉम.वाल्यांनी लाजू नये. इन्व्हॉइस, जीएसटी, क्रेडिट नोट हे शब्द आपल्याला आधीपासून कळतात आणि या खात्यात ते रोज लागतात.

सुरुवात रिसीव्हिंगपासूनच मागून घ्या

पहिल्या दिवशी कुणी एसीतली खुर्ची आणि लॅपटॉप दिला तर नम्रपणे म्हणा, ‘सर, मला आधी रिसीव्हिंगला बसू द्या.’ गेटवर गाडी आली की काय-काय होतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं काहीही नीट समजत नाही.

गेटवर गाडीची नोंद होते, इन्व्हॉइस आणि ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) बघितलं जातं, डॉक, म्हणजे माल उतरवायची जागा, मिळतो, गाडी लागते, माल उतरतो, खोकी मोजली जातात आणि मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होतं. सॅप हे सॉफ्टवेअर असेल तर हे जीआरएन मिगो या ट्रान्झॅक्शनमध्ये, १०१ या मूव्हमेंटने होतं. हा आकडा पाठ करून ठेवा. १०२ म्हणजे तेच उलटं फिरवणं, १२२ म्हणजे माल सप्लायरला परत, २६१ म्हणजे उत्पादनासाठी दिलेला माल आणि ३११ म्हणजे एका स्टोरेज लोकेशनवरून दुसऱ्यावर. एवढे पाच आकडे कळले तरी कुठल्याही नगाचा इतिहास वाचता येतो.

डॉकवर माल उतरवणारे बऱ्याच ठिकाणी माथाडी असतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, त्यांचं काम आणि मजुरी ठरलेली आहे. उत्साहाच्या भरात त्यांच्या कामात हात घालू नका. त्यांच्याशी आदराने बोला, ‘मामा’, ‘दादा’ म्हणा, चहाच्या वेळी जवळ बसा. कुठल्या सप्लायरचं खोकं तळाशी ओलं असतं, कोण पॅलेटवर पट्टी नीट मारत नाही, कुणाच्या खोक्यावर २०० लिहिलेलं असतं आणि आत १८० निघतात, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. यातलं काहीही कुठल्या रिपोर्टमध्ये सापडत नाही.

सेफ्टी शूज पहिल्या दिवसापासून घाला. फोर्कलिफ्टच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत चालताना फोन खिशात. ‘जरा चालवून बघ’ असं कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी, प्रशिक्षण आणि परवानगी नसताना फोर्कलिफ्टवर बसू नका.

४,८०० दिसतात, पण आहेत किती?

आता मुख्य कामाकडे येऊ. एक साधी प्लास्टिकची क्लिप घ्या. एका गाडीला ४ लागतात. दिवसाला ६०० गाड्या निघत असतील तर रोजच्या २,४०० क्लिपा झाल्या. सॅपमधली एमडी०४ ही शिल्लक दाखवणारी स्क्रीन उघडली, शिल्लक ४,८००. म्हणजे दोन दिवसांचा माल, निवांत. नवा अप्रेंटिस इथेच थांबतो.

तुम्ही खुर्चीतून उठा आणि रॅकपर्यंत जा. समजा तिथे २०० नगांची १२ खोकी आहेत. झाले २,४००. बाकीचे कुठे? क्वालिटीच्या जागेत जा. तिथे त्याच क्लिपची ८ खोकी तपासणीच्या प्रतीक्षेत पडली आहेत, म्हणजे १,६००. त्यांचं जीआरएन झालंय, त्यामुळे एमडी०४ त्यांना शिल्लक धरतं, पण इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय लाईनला, म्हणजे गाडी जोडतात तिथे, एकही नग जाणार नाही. उरले ८००. लाईनवर जाऊन बिनांमधला माल मोजा. समजा ५०० निघाले. आता ३०० राहिले, आणि ते कुठेच नाहीत.

हे ३०० शोधणं म्हणजेच शिकणं. लाईनच्या ताईंना विचारा. बसवताना क्लिपचा पाय मोडतो, एखादी खाली पडून गाडीखाली जाते, त्या दुसरी घेतात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, लाईन थांबवून कोण लिहीत बसणार? पण सिस्टिममध्ये वापर ‘बॅकफ्लश’ने नोंदतो. गाडी पूर्ण झाली की बिल ऑफ मटेरियलप्रमाणे (एका गाडीला काय किती लागतं ती यादी) ४ क्लिपा आपोआप वजा होतात. पाचवी मोडली ते सिस्टिमला कुणी सांगितलेलंच नसतं. रोज थोड्या-थोड्या करत महिन्यात ३०० जमतात.

म्हणजे आत्ता हाताशी आहेत २,९००. दोन दिवसांचा वाटलेला माल दिवसभरापेक्षा थोडाच जास्त निघाला. आता तुमच्या हातात तीन कामं आहेत: क्वालिटीला सांगून ती ८ खोकी आधी तपासून घेणं, मोडलेल्या क्लिपांसाठी लाईनवर लाल बिन ठेवून रोजच्या रोज स्क्रॅप नोंदवणं आणि सप्लायरची पुढची गाडी आजच पक्की करणं. तिन्ही कामं वेगळ्या खात्यांची आहेत. म्हणूनच मी म्हणते, इथून कारखाना कळतो.

अशी तपासणी रोज एका पार्टची करा. महाग पार्टपासून सुरुवात करण्याचा मोह होईल, पण त्यांच्यावर सगळ्यांचीच नजर असते. लाईन थांबते ती बऱ्याचदा अशाच स्वस्त क्लिपेसाठी, बोल्टसाठी, स्टिकरसाठी. एक वही ठेवा. तारीख, पार्ट, स्क्रीनचा आकडा, मोजलेला आकडा, फरकाचं कारण. वर्षअखेर ही वही तुमच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

कानबान कार्डांचं, म्हणजे खोकं संपलं की पुढचं मागवणाऱ्या कार्डांचं, गणितही याच क्लिपवर करून बघा. रोजची गरज २,४००, माल मागवल्यापासून रॅकवर यायला दोन दिवस, जोखमीसाठी अर्धा दिवस जास्त. अडीच दिवसांचे झाले ६,००० नग. खोक्यात २००, म्हणजे ३० कार्डं. मग स्टोअरमध्ये खरोखर किती कार्डं फिरतायत ते मोजा. हरवलेल्या कार्डांमागे हमखास एखादी गोष्ट असते.

फोनवर काय विचारायचं

दोन-तीन महिन्यांनी तुमच्याकडे फॉलोअपची यादी येईल. सप्लायरला फोन करायचा आणि माल आणायचा. ‘माल निघाला का?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, ‘हो मॅडम, निघालाच.’ या उत्तरावर काहीही प्लॅन करता येत नाही.

त्याऐवजी असं बोला: ‘दादा, इन्व्हॉइस नंबर सांगा. किती नग, किती खोकी? ई-वे बिल पाठवता का?’ ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पार्ट ए मध्ये मालाची माहिती, पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. पार्ट बी रिकामा असेल तर माल अजून त्यांच्याच डॉकवर आहे, हे समजून जा. भरलेला असेल तर गाडी निदान ठरली आहे, मग ड्रायव्हरचा नंबर घ्या. राज्याबाहेरून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. तमिळनाडूतल्या श्रीपेरंबुदूरहून येणाऱ्या गाडीला साधारण सहा दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर पार्ट बी मध्ये नवा नंबर टाकावाच लागतो, नाहीतर तपासणीत गाडी अडकते आणि इकडे लाईन.

ड्रायव्हरशी हिंदीत बोलावं लागतं. ‘भैया, कहाँ पहुँचे?’ ‘टोल पे हूँ मॅडम.’ कुठला टोल ते विचाराच. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांसाठी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हा क्रम पाठ करा. किणी म्हणजे अजून कोल्हापूर जिल्हा. खेड शिवापूर म्हणजे पुणं आलं, पण चाकण अजून पुढे आहे, आणि मध्ये पुण्याची गर्दी आणि शेवटी आमचा तळेगाव चौक. शेवटच्या टप्प्यात तीन-चार तास सहज जातात, तेवढे धरूनच लाईनला वेळ सांगा.

फोनवर आवाज चढवणारे लोक दिसतील. त्यांची नक्कल करू नका. पलीकडचा डिस्पॅचवाला बहुतेक वेळा तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच कुणी असतो. ‘तुमच्याकडे नक्की अडलंय कुठे? कच्चा माल नाही, की गाडी नाही, की पेमेंट?’ हे शांतपणे विचारलं तर तो खरं सांगतो. जुनं पेमेंट अडकल्यामुळे माल थांबलाय, असं फार वेळा निघतं. मग ते वरिष्ठांच्या कानावर घालणं तुमचं काम.

पंचांग आणि नकाशा

प्लॅनिंगला गेलात की पहिल्याच आठवड्यात एक कॅलेंडर तयार करा. हे कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. चाकणहून आळंदी जवळच, त्यामुळे आधीचे दोन-तीन दिवस रस्ते वळवलेले असतात. पुण्याचा मुक्काम आटोपून पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवशी घाट वाहतुकीला बंद. जेजुरी एमआयडीसीत तुमचा सप्लायर असेल तर त्याच्याकडून दोन दिवस आधीच जास्तीचा माल आणून ठेवा. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते, त्यामुळे कोकणातल्या लोटे परशुरामकडून येणारा माल त्याआधी हलवायचा. दिवाळीला ड्रायव्हर गावी जातात, त्याला जोडून छठ असते, उत्तरेकडचे कामगार परतायला वेळ लागतो. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तमिळनाडूतले कारखाने बंद. चिनी नववर्षाला तिकडचे सप्लायर जवळपास गायबच.

आयात मालाचं वेगळं प्रकरण. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरला म्हणजे माल आला असं नसतं. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्ससाठीचा कागद), कस्टम्स, बंदरावरचे फुकटचे दिवस संपले की लागणारं डेमरेज, म्हणजे भाडं, हे सगळं मध्ये असतं. लीड टाइमचा, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतच्या दिवसांचा, आकडा कायमचा धरून चालू नका. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि युरोपच्या मालाचे दहा-पंधरा दिवस वाढले. सिस्टिममध्ये मात्र जुनाच लीड टाइम भरलेला असेल तर सिस्टिम ऑर्डर उशिराच सुचवणार. असे जुने झालेले आकडे शोधून वरिष्ठांना दाखवा. अप्रेंटिसने करण्यासारखं याहून उपयोगी काम मला माहीत नाही.

तुमचे हक्क आणि शेवटचे महिने

मागच्या महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवं. ओव्हरटाइम सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय करून घेता येत नाही, मग ‘आज गाडी खाली होईपर्यंत थांब’ हे रोजचं झालं तर ट्रेनिंगवाल्यांशी बोला. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची, म्हणून लहानसं लागलं तरी फर्स्ट एडच्या रजिस्टरमध्ये नोंद करा. घरी जाऊन हळद लावून गप्प बसू नका. मुलींनी शिफ्ट आणि कंपनीच्या बसचा मार्ग रुजू होण्याआधीच विचारून घ्यावा. हायवेवर अंधारात उतरून पुढे चालत जावं लागेल अशी जागा असेल तर ते तेव्हाच सांगावं, थांबा बदलून मिळतो.

सगळं वर्ष एकाच खुर्चीत जाऊ देऊ नका. रिसीव्हिंग, स्टोअर, लाईन फीडिंग, फॉलोअप, प्लॅनिंग अशी फेरी मागा, लेखी मेल करून मागा. एका टेबलावर डेटा एन्ट्रीत वर्ष घालवलेल्या मुलाला पुढच्या मुलाखतीत दोन प्रश्नांनंतर बोलता येत नाही, आणि त्याच्या हुशारीचा यात काही दोष नसतो.

कंपनीने अप्रेंटिसला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. प्रत्येक कंपनीने स्वतःचं भरतीचं धोरण ठरवायचं असतं. ते काय आहे हे आठव्या-नवव्या महिन्यात विचारा, शेवटच्या आठवड्यात नको. तोवर बाहेरही अर्ज सुरू करा. बायोडाटात ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट हाताळलं’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. वहीतून उचलून लिहा: कुठल्या प्रकारच्या पार्टचा फरक शोधला, कारण काय निघालं, काय बदललं, फरक किती कमी झाला. कंपनीचे आतले दर, सप्लायरची नावं, ड्रॉइंग यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. ते विश्वासाने तुमच्यासमोर उघडलेलं असतं.

करार संपला की बोर्डाचं प्रवीणतेचं प्रमाणपत्र मिळतं. कंपनीने पोर्टलवर तुमची नोंद पूर्ण केली का, हे शेवटच्या महिन्यात ट्रेनिंग विभागात प्रत्यक्ष जाऊन बघा. ओळखपत्र जमा करण्याआधी बघा, नंतर गेटवरून आत जाणं अवघड होतं. प्रमाणपत्रावरचं नाव आधारशी ताडा, कंपनीकडून खात्यांच्या नावांसकट अनुभवाचं पत्र मागून घ्या, आणि रिसीव्हिंगच्या मामांचा फोन नंबर घ्यायला विसरू नका. पुढच्या नोकरीत पहिली अडलेली गाडी आली की पहिला फोन त्यांनाच कराल.